आली की कळव

६ फेब्रुवारी

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी शिलाईच्या दुकानाच्या दारात बसून शर्टांची काजं करत होते. मी वाचलं. परत वाचलं. मग तुझ्या मामीच्या हातात दिलं, कारण माझी शाळा दुसरीत सुटली, जोडाक्षर आलं की मी अजून ठेचकाळते, तुला लिहितानासुद्धा मामीला विचारून काढते. पण या वेळी बरोबर वाचलं होतं. "आजी, तीन महिने पाळी आली नाही." अगं, हे तू शेवटून दुसऱ्या ओळीत सांगतेस? आणि वर पानभर तुमच्या चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायचं नवं मशीन आलं त्याचं कौतुक! मशीन गेलं खड्ड्यात.

काज अर्धं टाकून उठले. टेलरमास्तर म्हणाले, "काय आजी, लॉटरी लागली का?" म्हटलं, "मास्तर, तिच्याही वरचं." त्यांना पुढे काही बोलले नाही, पण दिवसभर एकटीच हसत होते, त्यांना कळलंच असणार. संध्याकाळी उरलेल्या कापडांच्या ढिगातून मऊ मऊ तुकडे निवडत बसले, तर म्हणाले, "घ्या, घ्या, पण निळं मला लागणार आहे." दोन झबली कापूनसुद्धा झाली. मामी म्हणते, "अहो, एवढी कसली घाई?" तिला काय कळतंय! तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी, भिंगरीसारखी घरभर गरगरायचीस आणि आपटायचीस. तेव्हापासून या घरात कुणी रांगलेलं नाही. फरशीसुद्धा वाट बघतेय.

आता नीट ऐक. जड उचलायचं नाही. आमच्या नातजावयांना सांग, लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडता, आता घरातल्या बादल्या तुम्ही उचला. पोटात ढवळतं म्हणालीस, ते तर होणारच. मागे तू इथे आलीस तेव्हा प्रवासाने पोट बिघडलं होतं, आठवतं? माझी एक गोळी घेतलीस आणि तासाभरात ताट मागितलंस. त्याच गोळ्यांची पट्टी या वेळीही घातली आहे. दर पत्रात पाठवते त्या घेतेस ना? जेवणाआधी घ्यायची. चुकवू नकोस.

तुला बघावंसं फार वाटतंय. फोनवर मला धड ऐकू येत नाही, नुसतं "हॅलो हॅलो" होतं. पत्र लिही, लांब लिही.

तुझी,
हरखलेली आजी


१७ फेब्रुवारी

लाडक्या आजी,

आधी खाली बस. कात्री बाजूला ठेव.

मला दिवस गेलेले नाहीत. घरी टेस्ट केली होती, मग डॉक्टरबाईंनीही केली. दोन्ही वेळा नाही आलं. तुला पहिल्याच पत्रात हे लिहायला हवं होतं, पण मला वाटलं होतं, पाळीचं तू विचारशील, मग सांगू. तू विचारलंच नाहीस, थेट झबली कापलीस.

पाळी चुकली म्हणजे मूलच असं नसतं गं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्यांदा तेच बघायचं, आणि ते नाही म्हटल्यावर बाकीचं एकेक करून शोधायचं. मग माझी उलटतपासणी. वजन एकदम उतरलं का, जेवते किती, व्यायाम किती, झोप कशी, कसली काळजी आहे का. डोकं दुखतं का, नजर अधू झाली का, अंगातून गरम वाफा येतात का, हनुवटीवर केस वाढलेत का. (हा शेजारी बसून माझ्या हनुवटीकडे बघायला लागला. घरी आल्यावर बघितलं त्याच्याकडे.) काही औषधं चालू आहेत का, तर नाही म्हटलं.

आणि आईची पाळी कोणत्या वयात बंद झाली, हे विचारलं. कुणाकुणाची लवकर बंद होते आणि तसं घरात असू शकतं म्हणे. मी काय सांगणार? आई त्या वयापर्यंत राहिलीच नाही. तुझी कधी थांबली ते तरी कळव. रक्त दिलं आहे, रिपोर्ट यायचे आहेत.

बादल्या तो उचलतोय. तुझं पत्र त्याने फ्रीजवर चिकटवलंय.

तुझी,
भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

बसले. कात्री मात्र ठेवली नाही.

माझी पाळी पन्नाशी उलटल्यावर गेली, डॉक्टरणीला सांग. आणि एवढ्या वर्षांत मला हे विचारणारी तू पहिलीच. माझ्या आईने कधी विचारलं नाही, मी तुझ्या आईला विचारलं नाही. बाजूला बसायचं, कपडे धुवायचे, गप्प राहायचं. तुझ्या आईची यायची कशी, दुखायचं का, मला माहीतच नाही बघ. पोटची पोर आणि एवढं माहीत नाही.

बरं, तू म्हणतेस पाळी चुकण्याची सतरा कारणं. असतील बाई. मीही काल घरात आणि दुकानात चौकशी केली. मामी म्हणाली, तिची मध्ये चार-सहा महिने गायब होती, गळ्यातल्या थायरॉईडचं निघालं, रोज सकाळी गोळी घेते तेव्हापासून घड्याळासारखी येते. मला आज कळतंय! एका घरात राहून! आणि आमच्याकडे बटणं लावायला येते ती उंच मुलगी, शर्यतीत पळणारी, तिची तर वर्षभर नाही. पळणं वाढवलं, जेवण कमी केलं, अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, मग ते नको तो खर्च बंद करतं. ती आता दोन वेळा नीट जेवते. मी समोर बसून जेववते.

पण तुझं तसं नाही. तू खातेस, पळत नाहीस. तुझ्या टेस्ट कुठल्या तरी कागदाच्या चिठोऱ्यावर, त्याला काय अक्कल? तुझ्या मामाच्या वेळी मला चौथा संपेपर्यंत पत्ता नव्हता. खरं सांग, छाती जड वाटते का? आणि काही म्हणजे काही झालं का, जे मला लिहायची लाज वाटली?

गोळ्या घातल्या आहेत. ढवळणं थांबलं का?

आजी


९ मार्च

आजी,

तू हे कसं ओळखलंस मला कळत नाही.

हो, झालं. महिन्याभरापूर्वी आंघोळ करताना छातीतून दोन थेंब आले. पांढरे. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. तुला नाही सांगितलं, यालाही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट आणली. पुन्हा नाही. तरी मनात म्हणत राहिले, दूध उगाच कसं येईल? तुझी झबली कापल्याची बातमी वाचून तुला रागावले, आजी, पण खरं म्हणजे तुझ्याही आधी मी नाव ठरवून बसले होते. दोन वर्षं झाली आम्ही वाट बघतोय. तुला सांगितलं नव्हतं कारण तू वाट बघायला लागलीस की ती फार मोठी होते.

परवा सोनोग्राफी झाली. पडद्यावर पोट रिकामं. डॉक्टरबाईंनी शांतपणे दाखवलं, म्हणाल्या, सगळं जागेवर आहे, फक्त बाळ नाही. मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. हा जवळ बसला. जिन्यातून कुणी आलं की आम्ही सरकून जागा द्यायचो.

रक्ताचा रिपोर्ट आलाय. थायरॉईड ठीक. पण दुधाला ये म्हणून सांगणारं एक हार्मोन असतं, बाळ झालेल्या बाईत वाढतं. ते माझ्यात खूप वाढलंय, बाळ नसताना. ते वाढलं की पाळी थांबते, दूध येतं. ते डोक्यातल्या एका छोट्या ग्रंथीतून येतं आणि तिथे कधी कधी वाटाण्याएवढी गाठ असते. म्हणून डोक्याचा एमआरआय करायचा आहे, याच महिन्याच्या पंचवीस तारखेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, गाठ निघाली तरी बहुतेक वेळा गोळ्यांनी भागतं.

मी घाबरले आहे. कारखान्यात दिवसभर काचेत बारीक ओरखडा शोधते, आता माझ्या डोक्यात कुणीतरी शोधणार. तू इथे असतीस तर बरं झालं असतं. ढवळणं कधीच थांबलंय. तुझ्या गोळ्या घेते, काळजी करू नकोस.

भिंगरी


१९ मार्च

माझ्या पोरी,

काल मामाने फोन केला, तू कामाच्या आवाजात होतीस, त्याने काय सांगितलं आणि तुला काय ऐकू आलं देव जाणे, म्हणून लिहिते. गोळ्या बंद कर. माझ्या गोळ्या. आत्ता. आणि त्या डॉक्टरणीला दाखव, पट्टीसकट.

झालं असं. तुझं पत्र वाचून माझं अन्न उतरेना. पोटात जळजळ, म्हणून डॉक्टरांकडे गेले. ते चिठ्ठी बघून म्हणाले, "आजी, मी तुम्हाला या पंधरा दिवस घ्यायला सांगितल्या होत्या, त्याला वर्ष झालं. अजून घेता?" म्हटलं, "मी नाही रोज घेत. नातीला पाठवते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती महिने?" मी सांगितलं. मग त्यांनी असं विचारलं की मी खुर्चीतच थिजले. "तिची पाळी नीट येते का?"

भिंगरे, मी तर त्यांना तुझ्याबद्दल अक्षर बोलले नव्हते.

ते म्हणाले, ही गोळी पोट शांत करते, पण कुणाकुणाच्या डोक्यातलं तेच दुधाचं हार्मोन वाढवते. थोडे दिवस घेतली तर ठीक, महिनोन्महिने घेतली तर पाळी थांबू शकते, दूध येऊ शकतं. म्हातारीचं काय थांबायचं राहिलंय, तिला कळणार कसं? मला म्हणाले, "तुम्हाला दुकानात दिल्या कशा?" कशा म्हणजे! औषधवाल्याच्या सगळ्या पँटी आमच्या दुकानात आखूड होतात, तो मला बघितलं की पट्टी काढून ठेवतो.

डॉक्टर म्हणाले, हेच कारण आहे असं मी न बघता म्हणणार नाही, तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या, पण आजच कळवा. म्हणून मामाला फोन करायला लावला. तो म्हणतो, "आई, तू रडतेस का बोलतेस? एक काहीतरी कर."

मी पाकिटात प्रेमाने घालत होते गं. लिहून झालं की पट्टी घालायची, मग पाकिटाला डिंक लावायचा. डिंक लावताना वाटायचं, आता तिचं पोट सुखात राहील.

मला रागाव. पत्रात रागाव, सगळं रागाव, मी मामीकडून वाचून घेईन.

आजी


२८ मार्च

आजी,

रागावायला बसले होते, जमलं नाही.

डॉक्टरबाईंना पट्टी दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "मी विचारलं होतं, औषधं चालू आहेत का. तुम्ही नाही म्हणालात." मी म्हटलं, "ते औषध नाही, आजीने पाठवलंय." हा बाहेर जाऊन हसून आला. पण मी खरंच तसंच समजत होते. औषध म्हणजे डॉक्टर देतात ते. तुझ्याकडून आलेलं म्हणजे तुझा हात.

आणि आता तुला एक सांगते, कारण तू स्वतःला फार बोल लावत असशील. माझं पोट केव्हाच बरं झालं होतं. पहिल्याच महिन्यात, मध्ये चार दिवस ढवळलं तेवढंच. तरी मी रोज दुपारी एक गोळी घ्यायचे. कारखान्यात डबा खायला आम्ही भिंतीकडे तोंड करून बसतो, कुणी कुणाशी बोलत नाही, पंधरा मिनिटांत उठायचं. तेव्हा ती पट्टी काढायचे. तू पाठीमागे पेनाने काहीतरी लिहिलेलं असायचं, "घे गं", "जेवलीस का". जोडाक्षर टाळून. ती गोळी घेतली की तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं असं वाटायचं. पोटासाठी नव्हती ती, आजी.

एमआरआय सध्या पुढे ढकलला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी गोळी बंद, मग थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा बघू. हार्मोन खाली आलं तर उत्तर मिळालं, नाही आलं तर डोकं बघूच. नंतर पाळी यायला हवी. कधी ते त्या सांगत नाहीत.

म्हणजे पुन्हा वाटच बघायची.

पत्र पाठव. रिकामं पाठव.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगरे,

तुझं काहीच नाही. मी दोन पत्रं पाठवली. मामी म्हणते, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला असं तू फोनवर बोललीस, ते हार्मोन की काय ते उतरलं. मग गाठीचं काही नाही ना? नाही ना? बरं. पण पाळीचं बोलली नाहीस म्हणे. म्हणजे नसणार. असती तर बोलली असतीस.

मला हसू येतं माझंच. आयुष्यभर बायका मला येऊन सांगायच्या, "चुकली बाई," आणि मी हरखायचे. "आली" म्हणाल्या की आम्ही दोघी उदास व्हायचो. आता मी काज करताना सुई वर काढते आणि म्हणते, येऊ दे. सुई खाली, येऊ दे. मास्तर म्हणाले, "आजी, तुमची काजं हल्ली फार घट्ट होतायत, बटण जात नाही." उसवायला दिली परत.

झबली मामीने कपाटात वर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी. हुशार आहे ती. मी काही मागितली नाहीत.

तुझं घर मी बघितलेलं नाही. फ्रीज कुठे आहे, खिडकीतून काय दिसतं, तू कुठल्या कुशीवर झोपतेस. इथे होतीस तेव्हा माझ्याकडे पाठ करून झोपायचीस आणि पाय मागे टाकून माझ्या पोटरीला लावून ठेवायचीस. अजून मी त्या बाजूला जागा सोडून झोपते. सवय.

लिही. काही नसेल तर काही नाही असं लिही.

आजी


१४ मे

आजी,

आली.

आज सकाळी, कारखान्यात, मशीनसमोर. मी बाथरूममध्ये गेले, बघितलं आणि तिथेच हसायला लागले. शेजारच्या दारातून एकीने विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "पाळी आली." ती म्हणाली, "मग यात हसण्यासारखं काय?" मी तिला दारातूनच सगळं सांगितलं. तुझ्या गोळ्या, झबली, जिना. बाहेर आलो तर अजून दोघी ऐकत उभ्या होत्या. आज दुपारी डबा खाताना आम्ही चौघी एकमेकींकडे तोंड करून बसलो.

पोट दुखतंय. छान दुखतंय.

यालाही सांगितलं. तो कुणाच्यातरी लिफ्टच्या वर बसला होता, तिथून ओरडला. मग म्हणाला, "म्हणजे आता आपण पुन्हा सुरुवातीला." मी म्हटलं, "हो." आजी, मला आनंद झालाय आणि रडूही येतंय, आणि दोन्ही एकाच कारणाने. जे नव्हतंच ते गेल्यासारखं वाटतंय. हे तुलाच कळेल म्हणून लिहिलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन-तीन महिने नियमित येते का बघा, मग पुढचं बोलू. मूल होईल का, हे त्या सांगत नाहीत. कुणीच सांगत नाही.

भिंगरी


२२ मे

माझ्या भिंगरे,

पत्र दुकानातच फोडलं. एकच शब्द होता वर, जोडाक्षर नसलेला, माझा मी वाचला. मामी नको, कुणी नको. आणि मोठ्याने ओरडले, "मास्तर, माझ्या नातीची पाळी आली!"

मास्तर कोटाचं माप घेत होते. गिऱ्हाईक हात वर करून उभं, पुरुष माणूस, कानापर्यंत लाल. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "अभिनंदन, आजी." एवढंच. मग गिऱ्हाईकसुद्धा म्हणालं, "अभिनंदन." हात वरच. त्या पळणाऱ्या मुलीने मला मिठी मारली. तिची अजून नाही आली. म्हणाली, "आजी, माझ्याही वेळी ओरडाल का?" म्हटलं, "तुझ्या वेळी रस्त्यात जाऊन ओरडेन."

औषधवाल्याला बजावून आले. म्हटलं, चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांच्या पुढे एक गोळी दिलीस तर तुझी पँट मी गुडघ्याइतकी आखूड करीन.

जे नव्हतं ते गेल्यासारखं वाटतं, लिहिलंस. कळतं. मला तसंच वाटतं, पण मी तुला कसं लिहू, मीच तर त्याला कपडे शिवले. तू रड. आणि आनंदही कर. माणसाला दोन डोळे दिलेत, एकाला एक काम.

आता एक मागते. दर महिन्याला आली की मला कळव. कार्डावर लिही, एक शब्द, "आली". बाकी काही नको, मशीनचं नको, हवेचं नको. माझ्या आईला मी सांगितलं नाही, तुझ्या आईने मला सांगितलं नाही, आम्ही सगळ्या एका घरात राहून एकमेकींना परक्या. तू मला सांग. पोस्टमन वाचेल तर वाचू दे, त्यालाही मुली आहेत.

आणि ज्या महिन्यात कार्ड येणार नाही, त्या महिन्यात मी तुला विचारणार नाही. कापड काढणार नाही, मास्तरांना बोलणार नाही, मामीकडे चावी मागणार नाही. पोस्टमन पुढे निघून गेला की मी मान खाली घालून काजं करत राहीन. तू डॉक्टरणीकडे जा, जे बघायचं ते बघून घे, खात्री झाली, नाही झाली, तुझ्या मनात येईल तेव्हा लिही. तोवर मी गप्प.

मी, भिंगरे. गप्प.

आजी